खारीच्या पिशवीतली तात्यांची वही

श्रीरामपूर,
१८ डिसेंबर

प्रिय अश्विनीस,

गौहरचा सलाम, त्यावर नमस्कार, आणि तुझ्या नवऱ्याला नि मुलींना जे काय द्यायचं ते माझ्या वतीने तूच दे. कंबर कशी आहे? दिवाळीला आठ दिवस माहेरी येऊन त्यातले तीन दिवस कपाटं सरकवणाऱ्या बाईची कंबर धड असेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगू का, हे पत्र वाचून होईपर्यंत ती धड असावी अशी माझी फारशी इच्छाही नाही. (फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हं, हं" म्हणत भाजी निवडतेस. पत्र धरायला दोन हात लागतात.)

तर तू घर आवरलंस. तीन पोती रद्दी काशिफच्या टेम्पोत घातलीस आणि हात झटकलेस. काशिफची रद्दी जाते बायडाबाईकडे. बायडाबाई घरी बसून खळ लावून पिशव्या करते, आणि त्या पिशव्या येतात आमच्या बेकरीत. अब्बांच्या वेळेपासून हे असंच चालत आलंय. त्या पिशव्यांत आम्ही खारी भरतो, टोस्ट भरतो, आणि आत कुणाचं काय लिहिलंय ते बघत बसत नाही. तू गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला पाव किलो खारी देताना पिशवीवर तांबड्या शाईतलं वळणदार अक्षर दिसलं आणि माझा हात तिथंच थांबला. ते अक्षर मी दहावीत वर्षभर फळ्यावर पाहिलंय. अश्विने, ती सरांची वही होती. तुझ्या तात्यांची. इंग्रजी शब्दांची आणि वाक्प्रचारांची, दोनशे बारा पानांची, पन्नास वर्षांची.

माझ्या हातातल्या पिशवीवर होतं 'बेकर्स डझन'. अर्थ : तेरा. बस्स. उगम पुढच्या पानावर, कारण तुला माहीतच आहे, सर कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे, आणि मुद्दाम अर्थ एका पानाच्या शेवटी नि उगम पुढच्या पानावर, पोरांना पान उलटायची सवय लागावी म्हणून. आणि पुढचं पान तर केव्हाच कुणाच्या तरी घरी टोस्ट घेऊन गेलेलं. बायडाबाईला जाब विचारला तर ती उलट माझ्यावरच. "आवं मला काय म्हाईत? कागद लई जाड हुता, पिशवी कशी झ्याक झाली बघा की!"

त्याच दिवशी मी ठरवलं, एकूण एक पान परत आणायचं. येत्या अठ्ठावीस तारखेला आपल्या बॅचचा मेळावा आहे. सर नेहमीप्रमाणे वही मागवणार, चष्मा पुसणार, आणि कपाट उघडल्यावर तिथं काय, तुझी डांबरगोळी? एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते मी बघू देणार नाही. इकडे नाताळच्या केकच्या ऑर्डरी डोक्यावर, भट्टीपाशी फैयाज एकटा, आणि त्याची बायको दारोदार कागद मागत फिरतेय. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. (तिसऱ्या दिवशी बोलला, तेव्हा वाटलं अबोलाच बरा होता.)

पानं मागणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण लोकांनी ती वाचली होती, अश्विने! आणि प्रत्येकाच्या घरी अर्धीच गोष्ट. एस.टी.तला मच्छिंद्र कंडक्टर 'व्हाइट एलिफंट'वर अडकलेला. पांढरा हत्ती म्हणजे न परवडणारी वस्तू, इथपर्यंत त्याला कळलं होतं. मी पान मागितलं तर म्हणाला, "पान देतो, पन आदी हत्तीचं काय झालं ते सांगा. दोन दिस झाले, तिकीट फाडतो पन ध्यान हत्तीतच." उगमाचं पान माझ्या हाती आलेलं होतं, म्हणून उभ्याउभ्या सांगायला लागले, तर त्यानं घंटी मारली. मग काय, सयामच्या राजाला एखादा दरबारी डोईजड झाला की तो त्याला पांढरा हत्ती बक्षीस देई, हत्ती पवित्र, त्याला कामाला लावता येईना, नाही म्हणता येईना, आणि पोसता पोसता दरबारी धुळीला मिळे, अशी दंतकथा सांगतात, हे सगळं मी नेवासा फाट्यापर्यंत सांगत गेले. अख्खी बस ऐकत होती. उतरताना एक आजोबा म्हणाले, "आमच्या जावायानं आसाच ट्रॅक्टर घेतलाय." पान मिळालं, पण तिकीट मलाच काढावं लागलं.

मालनबाई भाजीवालीनं तर पान चुलीत घातलेलं. पण तिनं जाळण्याआधी नातीकडून दोनदा वाचून घेतलं होतं, आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता सगळं घडाघड म्हणून दाखवलं. विलायतेत टोप्या करणारे कारागीर लोकर पाऱ्यानं कमवायचे, त्या वाफेनं त्यांची डोकी फिरायची, म्हणून तिकडे वेड्याला टोपीवाल्यासारखा वेडा म्हणतात. मी ते तिथंच गोणीवर बसून लिहून घेतलं. (ते पान आता माझ्या अक्षरात आहे. सर शुद्धलेखनाचे किती गुण कापतील ते कापोत.) मांजरं-कुत्र्यांच्या पावसाचं पान सापडलं तर त्यावर उगमाच्या जागी सरांनी लिहिलेलं, 'नक्की माहीत नाही. जो नक्की सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.' असा माणूस आता मिळत नाही, अश्विने.

आणि 'बेकर्स डझन'चा उगमही मिळाला. वजनात पाव कमी भरला तर इंग्लंडात बेकरीवाल्याला शिक्षा व्हायची, त्या भीतीनं तो बारावर एक जादा देई, असं म्हणतात. त्याखाली तांबड्या शाईत, 'आपल्याकडे : गनीभाई. शाळेतल्या पोरांना तेरावी नानकटाई. भीतीने नव्हे.' अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडले. मग उठून बाहेर पाटी लावली, डझनावर एक नानकटाई जादा. फैयाज पुन्हा अबोल झालाय.

या सगळ्यात सरांपासून लपवायचं ते वेगळंच. ते रोज सकाळी टोस्ट न्यायला येतात. मी त्यांना महिनाभर टोस्ट स्टीलच्या डब्यात देतेय. "आज पिशवी नाही का, गौहर?" म्हणून विचारतात, मी पर्यावरणावर भाषण देते.

आज हिशोब असा. काशिफच्या दुकानात वहीचा पुठ्ठा नि अनुक्रमणिका मिळाली, त्यावरून पडताळलं. दोनशे अकरा पानं माझ्याकडे आहेत. एक नाही. गावातलं एकही घर मी सोडलेलं नाही. मग आठवलं, तू नाशिकला निघालीस तेव्हा स्टँडवर मी खारीची पिशवी तुझ्या हातात दिली होती. तुझ्याच वडलांची वही, तुझ्याच हातात, आणि तू खिडकीत बसून खारी खात गेलीस! ती पिशवी शोध. डब्याखाली घातली असेल, ड्रॉवरमध्ये असेल, असेल तिथून काढ आणि तुकडे झाले असतील तर तुकड्यांसह रजिस्टर पोस्टानं पाठव. सबब ऐकणार नाही. शाळेत तुझ्या भाकरी-ठेच्यावर मी आणि माझ्या पावावर तू वाढलीस, त्या पावाची शपथ.

मुलींना लाड, तुझ्या नवऱ्याला सलाम.

तुझी,
गौहर

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सर आले. म्हणाले, "डबा नको, पिशवीतच दे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला." मी गठ्ठा पुढे केला, हात लावेनात. अश्विनी, वही त्यांनीच पोत्यात घातली होती. तू आलीस तेव्हा त्यांनी ती मुद्दाम टेबलावर ठेवली होती, तू एकदा तरी "तात्या, हे काय?" म्हणशील म्हणून. तीन दिवस तू तिच्यावरून फडकं फिरवलंस. "कपाटात पन्नास वर्षं कुणी पान उलटलं नाही, गौहर. आता बघ, कंडक्टर उलटतोय." आता त्यांचा हुकूम आहे की मेळाव्यात मी सगळी पानं पुन्हा वाटून टाकायची, अर्थ एकाकडे तर उगम त्याच्या शेजाऱ्याकडे जाईल अशी. महिनाभराची माझी वणवण गेली पाण्यात. कंबरेबद्दल वर लिहिलं ते निम्मं मागे घेते.

ता. क. २. तुझ्याकडचं पान पाठवू नकोस. अनुक्रमणिकेप्रमाणे त्यावर 'कंपॅनियन' आहे. अर्थ : सोबती. उगम माझ्याकडच्या पानावर आहे, ते मैद्याच्या डब्यात ठेवलंय आणि तू पाया पडलीस तरी देणार नाही. तुझे तात्या संध्याकाळी सहापासून फोनशेजारी बसतात. त्यांना फोन कर आणि विचार. भाजी निवडायची नाही. ते लगेच सांगणार नाहीत, आधी तुलाच विचारतील, ते सोस. मी इतकंच सांगते, त्यात पाव आहे, आणि तो एकट्यानं खायचा नसतो.