मागून पाहिलेल्या मेंढ्यांच्या लोकरीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, मेरिनो लोकरीच्या सुताची दुकानदारीण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल असा माणूस अजून भेटलेला नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळले आहे. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत; ती रागात लिहिली होती.

एक. दुकान, त्यामागची खोली, सूत पिळायची दोन यंत्रे आणि दुकानाचे नाव माझ्या भाचीला द्यावे. अट एकच. दरवर्षी लोकर कातरण्याआधी तिने स्वतः कळपावर जावे आणि मेंढ्या मागून पाहाव्यात. तोंडाकडून सगळ्याच मेंढ्या सुखी दिसतात. माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून काही ठिकाणी कोकराच्या शेपटाभोवतीची कातडी सोलून काढतात, पुष्कळदा भूल न देता. तिथे पुन्हा लोकर येत नाही, गुळगुळीत डाग राहतो. तो डाग कळपाबरोबर येणाऱ्या दाखल्याच्या कागदावर दिसत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक लडीच्या चिठ्ठीवर ‘मेंढी मागून पाहिली आहे’ असे छापलेले असते. भाची म्हणते, “मावशी, गिऱ्हाइकं हसतात गं.” हसू देत. हसता हसता विचारतात, आणि विचारले की मला बोलायला मिळते.

दोन. रंगाची पातेली, वजनकाटा आणि निळ्या छटांच्या कृतींची वही रंगाऱ्याला. एकवीस वर्षांत त्याने माझे एकही भाषण पूर्ण ऐकलेले नाही. “बाई, पातेलं उतू जातंय,” म्हणून मधेच उठायचा. उतू गेलेले पातेले मी एकदाही पाहिले नाही.

तीन. पुस्तके वाचनालयाला. समासात पेन्सिलीने घातलेले वाद पुसू नयेत. बहुतेक ठिकाणी माझेच बरोबर आहे. जिथे नव्हते तिथे मी नंतर स्वतः खोडले आहे. काही ठिकाणी खोडायला फार वर्षे लागली.

चार. मला निरोप देताना कोणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. मला उलट उत्तर देता येणार नाही, हा मुळातच अन्याय आहे.

पाच. माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढला. “आधीच नऊ वर्षांचा अबोला, त्यात हे?” मी म्हटले, लिहा.

नऊ वर्षांपूर्वी, दुकान आम्ही दोघे मिळून चालवत असताना, एका नव्या कळपाची लोकर मेंढ्या न पाहता घेतली. दाखला व्यवस्थित होता. सूत विकले गेले, आणि मग त्या भागातली पशुवैद्य दुकानात फोटो घेऊन आली. डागच डाग. आम्ही बाहेर फलक लावून प्रत्येक लडी परत मागवली. काही अर्धवट विणलेल्या बाह्या सुयांसकट परत आल्या. त्याच आठवड्यात विणकरांच्या भरल्या सभेत मी खोक्यावर उभी राहिले आणि म्हणाले, “कागदावर विसंबून माझ्या भावाने हे तुमच्या गळ्यात बांधलं.” तिथल्या तिथे हात पुढे करून मी त्याच्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतली. टाळ्या पडल्या.

आता त्या सभेत जे सांगितले नाही ते. त्या वर्षी कळपावर जायची पाळी माझी होती. धाकटा म्हणाला होता, “ताई, तू जाऊन ये, मग घेऊ.” मी म्हणाले, “दाखला आहे ना? घेऊन टाक. मला वेळ नाही.” वेळ नव्हता, कारण त्या दिवशी माझे भाषण होते. विषय: मुक्या प्राण्यांशी माणसाचे वागणे.

त्याने हे कोणालाही सांगितले नाही. सभेत नाही, नंतरही नाही. तो कधीतरी सांगेल आणि मग मला भांडता येईल, याची मी नऊ वर्षे वाट पाहिली.

त्याच्या घरी जाऊन हळूच माफी मागणे मला पटत नाही. भर सभेत बोललेले भर सभेतच मागे घ्यायला हवे. पण तो दुकानाची पायरी चढत नाही. मग वकीलबाई बोलता बोलता म्हणाल्या, की ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार करू नये. मी त्याच दिवशी चिठ्ठी धाडली: ‘तुला काही ठेवलेले नाही. मंगळवारी साक्षीला ये.’ लगेच उत्तर आले: ‘अकराला येतो.’

हे कलम मी त्याच्यासमोर, भाची, रंगारी आणि जुन्या विणकरांसमोर मोठ्याने वाचणार आहे. नंतर ते फलकावर लावावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सहा. साक्षीदाराला मृत्युपत्राने किल्लीही देता येत नाही, म्हणून ती वाचून झाल्यावर त्याच्या हातात देईन. घेईल की नाही, ठाऊक नाही. आपल्याच भाषणाचा शेवट मला आधी माहीत नाही, असे पहिल्यांदाच होत आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: २४ फेब्रुवारी, मंगळवार
(सही)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: सही माझ्यासमोर केली. पाचवे कलम वाचताना बाई दोनदा थांबल्या. कारण वैद्यकीय नव्हते.
(सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: सही माझ्यासमोर केली. ताईचं डोकं ठिकाणावर आहे, हे मी खात्रीने लिहून देतो. गेली नऊ वर्षं ही खात्री नव्हती. किल्ली घेतली. गुरुवारी कळपावर आम्ही दोघं जातोय. तिच्याने वाकवत नाही, म्हणून मागून मी बघेन. तिने तोंडाकडे थांबून मेंढ्यांशी बोलावं.
(सही)