पिशवीत बांधलेला श्वास

फिरती मशीन घेऊन आलेल्या डॉक्टरसाहेबांना,

कुरुंद्याहून पंचफुलाबाईचा नमस्कार.

साहेब, फुप्फुसाच्या फोटोसाठी तुमी आमच्या मालकाला पिशवीतला वायू ओढायला लावला. ठीक हाय. पण त्यांनी सोडलेला श्वास दुसऱ्या पिशवीत भरून, तोंड आवळून काहून नेला? "वायू महाग आहे, साफ करून परत वापरतो," तुमी म्हणले. मला न्हाई पटलं. हळदीच्या धुराळ्यानं भरलेल्या छातीतून असं काय किमती निघालं?

परवा मालक वारले. हे पत्र टपालात टाकत न्हाई. टाकलं तर तुमी आधीच उत्तर बनवून ठेवाल. तेरावं झालं की मीच घेऊन येते.

तवर तुमी ती पिशवी सोडली नसावी, एवढंच देवाला मागते. त्यांचा तेवढाच श्वास राहिला हाय.

नामाजीची बायको,
पंचफुलाबाई