बारा जणींचं दुखणं

३ नोव्हेंबर, सोमवार

चौथीपर्यंत शिकले, चुका असणारच. पण अक्षदा म्हणाली, आजी, रोज थोडं लिही. माझी नात. मला खडवलीहून मानपाड्याला आणलं आणि तिच्याच लॅबमध्ये पिंजरे धुवायला लावून दिलं. साठी उलटल्यावर नोकरी! पांढरेशुभ्र उंदीर, बारा नर, बारा माद्या. भुसा बदलला की तोंड पुसत बसतात, अगदी माझ्या धाकट्या जावेसारखे.

५ नोव्हेंबर, बुधवार

लॅबच्या हेमा मॅडम उंदराला तापलेल्या पत्र्यावर ठेवतात. पाय उचलला की लगेच काढतात, किती वेळ लागला ते लिहितात. म्हणाल्या, माद्या लवकर उचलतात, नर उशिरा, त्यातही प्रत्येकाचं निराळं. म्हटलं, हे मला विचारायचं. थोरल्या सुनेनं बाळंतपणात हूं की चूं केलं नाही, आणि मुलाला काटा बोचला तर सगळी आळी गोळा. "आजी, डिग्री तुम्हालाच देऊ," मॅडम हसल्या.

माद्यांची फार दया आली. जेवणाच्या सुट्टीत बाराही जणींवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, नातीसाठी मोडते तशी. म्हटलं, बायांनो, तुमची पीडा मला येवो. नरांसाठी नाही मोडली. ते घेतील सोसून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एकही मादी पाय उचलेना. मॅडमनी पत्रा आणखी तापवला. मी बाहेर फरशी पुसत होते, माझे तळवे भाजले. चार नंबरची ठेवली की सुई टोचल्यासारखं होतं. नऊ नंबरचीचं हळूहळू चढतं, संध्याकाळपर्यंत उतरत नाही. आत कोण आहे ते मी भिंतीआडून सांगते. तळव्यांवर डाग नाही.

७ नोव्हेंबर

अक्षदाला सांगितलं. शुगर तपासू म्हणाली. पिंजऱ्यांपुढे हात जोडले, जिचं तिला जाऊ दे म्हटलं. काही नाही. आज पत्रा जास्तच —

१० नोव्हेंबर

घरीच. पाय टेकवत नाही. अक्षदा म्हणाली, माद्यांचं काम झालं, उद्या सकाळी अकरा वाजता संपवणार. एकेकीची मान मोडतात. "क्षणात होतं गं, त्यांना कळतही नाही."

त्यांना नाहीच कळणार. मी पोरीचे पाय धरले. डॉक्टरची वेळ घेते म्हणाली.

११ नोव्हेंबर

अक्षदाला फोन लागत नाही. लॅबमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत. घराच्या दारापर्यंत सरपटले, पुढे —

अकरा वाजले.

मानेत कट् —

मी आहे. अजून आहे. म्हणजे मरण येत नाही, नुसतं त्याचं — अजून अकरा जणी — परत मान —