काखेतली गाठ

लाटंबार्से,
२० एप्रिल २०२४

प्रिय यशोदाताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, आणि हे वाक्य या वेळी मी सवयीने लिहीत नाहीये. काल सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. काखेतल्या गाठीत कॅन्सर नाही, ताई! स्तनात आहे तेवढाच. ह्यांनी तो कागद तीनदा वाचला, इंग्रजी येत नसताना.

डॉक्टर गौरवी म्हणाल्या, गुरुवारी ऑपरेशनच्या वेळी रंग टोचून काखेतल्या पहिल्या दोन-तीनच ग्रंथी काढायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. आईच्या सगळ्या काढल्या होत्या, आणि हात असा सुजला की बांगड्या कापाव्या लागल्या. मी आठवडाभर स्वतःच्या बांगड्यांकडेच बघत होते.

आता ती गाठ मुळात सुजली कशाने, ते सांगते. ऑपरेशनपर्यंत काजूच्या बागेत पाऊल टाकणार नाही, असं मी तुला वचन दिलं होतं ना? तू पेडण्याला गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मी बागेत. घरात बसलं की नको नको ते मनात यायचं. काजूच्या बोंडूची बी पिळून काढताना चीक उडाला, डावा हात भाजला आणि पिकला. सोनोग्राफीला मी त्यावर रुमाल गुंडाळून गेले. काखेत मोठी गाठ दिसली तेव्हा सगळे धरूनच चालले की कॅन्सर पसरला. मीसुद्धा.

सुई घालायच्या दिवशी डॉक्टरांनी तो रुमाल सोडला. “हाताक कितें जालां तुज्या?” मग सगळं सांगितलं. हातातल्या पुवानेही काखेतली ग्रंथी सुजते, म्हणाल्या, पण खात्रीसाठी सुई घातलीच. आता जखम सुकलीय.

त्या आठवड्यात तू फोनवर रडत होतीस आणि मी म्हटलं, ऑपरेशनला येऊ नकोस, फोनही करू नकोस. तुला वाटलं असेल, मी चिडले. तू आली असतीस तर सगळ्यांत आधी माझा हात बघितला असतास, आणि फोनवर मला ते लपवता आलं नसतं, म्हणून.

आनंद खरा आहे, ताई. पण गुरुवारची भीती वाटते, आणि ती ह्यांना सांगितलेली नाही. बुधवारी म्हापशाहून दुपारची बस धर. ओरडायचं तेवढं ओरड, पण आत नेईपर्यंत माझ्याजवळ थांब. येऊ नकोस म्हटलं, तेही खोटंच होतं.

तुझी खोटारडी धाकटी,
विमल