कालांब जमातीचे गाऱ्हाणे

१५ जानेवारी १९७९, सोमवार
पत्नी सत्यवतीच्या निधनानंतर मी आता पूर्णपणे सावरलो आहे, अशी नोंद करण्यास हरकत नसावी. पुरावा : गावात उतरलेल्या मुंबईच्या फिल्म युनिटने मला सल्लागार नेमले आहे. हीरो जंगलातल्या देवाचे माणिक पळवितो आणि त्या देवस्थानाची राखण करणारी 'कालांब' नावाची रानटी जमात त्याच्या मागे लागते, असे कथानक. अशी जमात पृथ्वीवर कोठेही अस्तित्वात नाही, हे मी डायरेक्टर मल्होत्रांच्या निदर्शनास आणून दिले. ते म्हणाले, "इसीलिए तो कोई केस नहीं करेगा, मास्टरजी."

१८ जानेवारी
जमातीचा मंत्र ऐकविण्यात आला. 'हुंबा हुंबा होला.' इतिहासाचा पदवीधर व निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने तीव्र आक्षेप घेतला. मंत्र मी स्वतः रचून देणार आहे.
कालांब म्हणून आमच्याच गावचे पुरुष घेतले आहेत. अंगाला काजळी, कमरेला झावळ्या. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालणारा शंभू गावकर बनियन काढण्यास तयार नाही. म्हणाला, "रानटी जातलंव, पण थंडी बादली तर वखद कोण दितलो? तुमचो डायरेक्टर?"
वखद म्हणजे औषध. शिस्तीचा प्रश्न आहे. उद्या कानउघाडणी करीन.

२० जानेवारी
कानउघाडणी राहिली. थर्माकोलचा देव वाऱ्याने उडाला. मल्होत्रांनी आता देवराईतला खरा पाषाण पसंत केला आहे. तो गावच्या सीमेच्या राखणदाराचा, असा लोकांचा समज. तेथे सोंगे नकोत, असे शंभूचे म्हणणे. पाषाण हा अखेर पाषाणच असतो, असे मी सविस्तर विवेचन केले. शंभूने शांतपणे ऐकले. "उबो रवतंव," म्हणाला. "पण थंय तोंड सांबाळून उलयात, मास्तरांनू."

२३ जानेवारी
मंत्र सुचत नाही. कारण विषयाचे गांभीर्य. अखेर आपल्या गाऱ्हाण्याचाच साचा घ्यावा, असे ठरविले. मुंबईत कोणास कळणार?
जमातीच्या सरदाराचे काम करणाऱ्या नटाला फेणी सोसली नाही. ते काम मी करावे, असा आग्रह झाला. केवळ उच्चारशुद्धीसाठी मान्य केले.

२४ जानेवारी
शूटिंग पार पडले. कवटीचा मुकुट घालून मी पाषाणापुढे उभा राहिलो आणि खणखणीत म्हणालो, "बा देवा म्हाराजा, राखणदारा, माझ्या घरातसून जें व्हेलां, तें माका परत हाडून दी म्हाराजा!"
नेलेले परत आणून दे, इतकाच अर्थ. यावर कालांबांनी भाले आपटून 'हुंबा' म्हणावयाचे होते. परंतु गाऱ्हाणे कानी पडताच जन्मभराच्या सवयीने सारे एकमुखाने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"
मग कोणी हलेना. मल्होत्रा तेवढे "फर्स्ट क्लास!" म्हणून ओरडले.
शंभू जवळ आला. काजळीखाली त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "मास्तरांनू, ह्यां काय मागलात तुमी?"
माणिक, असे मी सांगितले.
"देवाक पिच्चर कळणा. तुमच्या घरातसून कोण गेलां, तां ताका कळता."
अडाणीपणा.

२६ जानेवारी
शेजारच्या कमलवहिनी रोज आमटी आणून देतात. आज वाडगा कुंपणावरच ठेवला. आत या म्हटले, तर "नाका गे बाय!" म्हणून दचकल्या. मी पुरुष आहे, हेही विसरल्या. "भावजी, घरात आनी कोण आसां?" कोणी नाही, असे ठणकावून सांगितले.
दुपारी विहिरीचा रहाट आपोआप फिरला. वारा. वारा नव्हता, परंतु दोर सुकताना पीळ सोडतो.

२९ जानेवारी
सत्यवतीची लुगडी उन्हात घातली. दमटपणामुळे. बांगडे दोन आणले, कारण एक तळण्यात तेल वाया जाते. मागच्या दाराची कडी काढून ठेवली आहे, ती गंजू नये म्हणून. यांतून कोणी कसलाही अर्थ काढू नये.
कुत्री अंगणात येऊन मागच्या दाराकडे पाहत बसतात. भुंकत नाहीत.

१ फेब्रुवारी
शंभू चार माणसे घेऊन आला. दिवेलागणीनंतर माझ्या घरावरून कोणी जात नाही म्हणे. घातलेले गाऱ्हाणे परत घ्यावे लागेल आणि ज्याने घातले त्यानेच. "चार सबद, मास्तरांनू. 'ती आमकां नाका' म्हणात, सोंपलां."
योग्य भाषेत निवेदन करण्याचे मान्य केले. गावाच्या समाधानासाठी. मला त्यात काहीच अडचण नाही.
युनिट आज निघून गेले. जमातीचा सारा प्रसंग चित्रपटातून गाळला असून त्या जागी हीरॉइनचा नाच घेतला आहे, असे जाता जाता मल्होत्रा म्हणाले.

४ फेब्रुवारी, रविवार
सकाळी देवराईत गेलो. पाषाणापुढे नारळ, रोट आणि फेणी. सारा गाव बनियन-धोतरात, हात जोडून. माझे निवेदन तोंडपाठ होते. प्रास्ताविक उत्तम झाले. कार्यकारणभाव विशद केला. नंतरचे वाक्य लहान होते. ते वाक्यरचनेच्या दृष्टीने सदोष वाटल्यामुळे मी थांबलो. बराच वेळ थांबलो.
शेवटी शंभूच पुढे झाला. "बा देवा म्हाराजा, आमच्या मास्तरांची घरकारीण सत्यवती, ती थंयच सुखान रवांदी. मास्तर चुकान उलयले. तिका परत धाडू नाका म्हाराजा."
"व्हय म्हाराजा!"
परतताना शंभू माझ्यासोबत चालत होता. पायवाटेवर बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तरांनू, सगळ्यांचो 'व्हय' आयकलो. तुमचो आयकूंक येवंक ना."
घसा बसला आहे, असे मी सांगितले.
"बरां," म्हणाला. "वखद घेयात." आणि फाटकापर्यंत पोचवून गेला.

घसा उत्तम आहे.