मेट्रनबाईंसाठी सात सूचना

३ मे, सकाळी ११
निर्णय पक्का. नर्सिंग. बारावीची परीक्षा संपली तरी मित्र अजून चाचपडतायत. करिअरवाल्या बाईंनी विचारलं होतं, अंगात सेवाभाव आहे का? म्हटलं, भरपूर आहे, अजून वापरलेलाच नाही. चार रंगांच्या पेनांनी तक्ता केला. पदवी, मग वॉर्डात सहा महिने (जास्त रेंगाळायचं नाही), मग डायरेक्टर ऑफ नर्सिंग. वय वर्षं अठ्ठावीस. आई म्हणाली, आजोबांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घाल. तिला सांगितलं, मी प्लॅनिंगमध्ये आहे. धाकटीने घातले.

४ मे
बाबा म्हणाले, नर्सची ड्युटी सातला सुरू होते आणि तू उठतोस दहाला. त्यांना समजावलं की शिफ्टच्या कामात झोप लवचीक लागते, माझी आधीपासूनच आहे. बाबांनी पेपर उघडला. पटलं असावं.

६ मे
माझी मावशी पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आईने टुमणं लावल्यावर तिने मेट्रनबाईंकडून परवानगी काढली. दहा दिवस, सात ते एक, फक्त निरीक्षण. मुलाची जबाबदारी माझी, असं तिने लिहून दिलंय. निरीक्षण हा तर माझा प्रांतच. नवी वही आणली.

७ मे
पोचलो सात चाळीसला. मावशीने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. ताकीद मिळाली की इथे सिस्टर म्हणायचं. बरोबरच आहे, मावशी म्हटलं की फरशी पुसणाऱ्या बाई वळून बघतात. चादर घालायला शिकवलं. अकरा वेळा घातली. मावशी म्हणाली, यात पेशंटचं गाठोडं होईल. चादरीचं माप चुकीचं आहे. वहीत नोंदवलं.

८ मे
इंजेक्शन बघितलं. म्हणजे सुई बघितली. त्यानंतर वॉर्डातली फरशी फार जवळून बघितली. स्वच्छ आहे. पुसणाऱ्या बाईंनीच तोंडावर पाणी मारलं. घरी येऊन वाचलं, याला व्हॅसोव्हेगल म्हणतात. शब्द एकदा वाचून पाठ झाला, यावरून कल दिसतोच.

१० मे
स्पेशलायझेशनचा विचार. ऑपरेशन थिएटर नको, तिथे रक्त असतं. लहान मुलं नको, रडतात. घरोघरी जाऊन सेवा, तर ऊन. राहिलं नर्सिंग कॉलेजात शिकवणं. तिथे अनुभव मागतात, पण ज्याला दृष्टी आहे त्याला अनुभव कशाला?

११ मे
नऊ नंबरच्या कॉटवर निवृत्त पोस्टमास्तर आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. मावशीने काम दिलं : त्यांच्याजवळ बसायचं, पाणी द्यायचं, एकटं उठू द्यायचं नाही. मला डॉक्टरसाहेब म्हणाले. एकदा दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा राहू दिलं, म्हाताऱ्या माणसाला किती टोकायचं.

१२ मे
वॉर्ड सुधारण्यासाठी सात सूचना तयार केल्या. मावशीला दाखवल्या. ती म्हणाली, आधी तीन नंबरचं पॉट उचल. तीन नंबरच्या दिशेने गेलो. वाटेत आठवी सूचना सुचली.

१३ मे
मावशी औषधं आणायला गेली. वीस मिनिटं नऊ नंबरजवळून हलू नकोस म्हणाली. हललो नसतो. पण मेट्रनबाई दारावरून जाताना दिसल्या आणि संधी दोनदा येत नाही. कॉरिडॉरमध्ये गाठलं. शांतपणे ऐकत होत्या. तिसऱ्या सूचनेवर होतो (प्रत्येक पेशंटकडे वैयक्तिक लक्ष हवं) आणि आतून धप्पकन आवाज आला.
पोस्टमास्तर खाली. एकटेच बाथरूमला निघाले होते. कॉटचा कठडा खाली होता. तो मीच पाडला होता, टेकायला बरं पडतं म्हणून. खुबा वाचला. उजवं मनगट मोडलं.
मावशी मला बाजूला सारून त्यांच्याजवळ बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ मे
पोटात दुखतंय. गेलो नाही. कॉट फारच उंच असते. शिवाय वीस मिनिटं म्हणून पंचवीस लावली तिने.

१४ मे, संध्याकाळी
मावशीचा आईला फोन. मेट्रनबाईंनी तिच्याकडून लेखी खुलासा मागितलाय. पुढच्या आठवड्यात तिचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे, बारा वर्षांनी आलेला. आई फोन ठेवून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि परत गेली. कॉटच्या उंचीबद्दल सांगणार होतो, राहिलं.

१६ मे
गेलो. तीन मुद्द्यांचं स्पष्टीकरण खिशात. नऊ नंबरने तोंड उघडूच दिलं नाही. म्हणाले, मी मेट्रनबाईंना लिहून दिलंय, शिकाऊ पोरीला मजकूर सांगून. काय लिहिलं विचारलं. म्हणाले, मुलाला मीच पाणी आणायला पिटाळलं आणि कठडाही मीच पाडला. म्हटलं, पण आजोबा, तुम्ही तर काहीच सांगितलं नव्हतं. म्हणाले, ते मला माहीत नाही का? तीन आठवडे तुझी मावशी माझं सगळं करतेय, तोंड वाकडं न करता. तिच्यासाठी खोटं बोललो, तू हुरळू नकोस.
डॉक्टरसाहेब म्हणाले नाहीत.

१७ मे
खुलाशाचं प्रकरण मिटलं. मावशीचा इंटरव्ह्यू होणार. उद्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. शिफारसपत्र लागतं. मावशीला दगदग नको म्हणून मीच तयार करून दिलं : कष्टाळू, संवेदनशील, नेतृत्वगुणसंपन्न वगैरे. तिने पेन घेऊन एकेक शब्द खोडला. ‘हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे’ एवढं ठेवलं आणि सही केली. म्हणाली, याच्यापुढचं मला माहीत नाही.

१८ मे, दुपारी
फॉर्म नीट वाचला. शिफारस करणारी व्यक्ती नात्यातली नसावी.
धावत नऊ नंबरकडे गेलो. त्यांना कागद दाखवला. त्यांनी प्लास्टरमधला हात वर केला. म्हणाले, सही सहा आठवड्यांनी. फॉर्म पाचला बंद होतो म्हटलं. म्हणाले, होऊ दे, आधी मला बाथरूमला ने, मघापासून बेल वाजवतोय.
आसपास कुणी नव्हतं. मीच होतो. काखेत हात घातला. डावा पाय, थांबा, उजवा पाय. दोनदा माझ्या पायावर पाय पडला त्यांचा. आत सगळं करावं लागलं. सगळं. चक्कर आली नाही, वेळच मिळाला नाही. परत आणून झोपवलं, कठडा वर केला, दोनदा ओढून पाहिला. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, पाऊण तास गेला होता.
घाम पुसत विचारलं, बरं जमलं ना, आजोबा?
म्हणाले, तुझ्या मावशीला दहा मिनिटं लागतात.