उपसा

३ फेब्रुवारी २०२५

आज पुन्हा चार तास मोटर. विहिरीचं सगळं पाणी ओढ्यात सोडलं. वास आहेच — पेट्रोलचा! रस्त्यावरच्या पंपाची जमिनीतली टाकी गळत होती, ती दिवाळीत रिकामी केली. पण आधीच झिरपलेलं जाणार कुठे? ते इथे. पाठशाळेत पाण्याची सत्तावीस नावं पाठ केली — तोय, सलिल, नीर... एकालाही हा वास नव्हता.

जयमाला लेकीकडे जाऊन दोन महिने झाले. या वासानं तिला भोवळ यायची. अश्विनीकडे आहे, मेहकरला. जाताना म्हणाली, पाणी सुधारलं की कळवा, लगेच येते. घरात आता मला नावं ठेवणारं कोणी नाही. फार चुकल्यासारखं होतं.

१० फेब्रुवारी

मोटर. वास.

१८ फेब्रुवारी

बुलढाण्याहून भूजल तपासणारी डिंपल आली. लेकीच्या वयाची. तीन बारीक बोअर पाडले — एक पंपाजवळ, एक शेजारच्या गीताबाईच्या कुंपणाशी, एक आमच्या विहिरीलगत. आत भोकं पाडलेला पाइप, वर झाकण, झाकणाला कुलूप. पाण्यालाही कुलूप! दर आठवड्याला टेप सोडून पातळी मोजणार, बाटलीत नमुना नेणार. मी पेपरला याची चार ओळींची बातमी पाठवली. दोन छापल्या तरी पुष्कळ.

किती दिवसांत पिण्याजोगं होईल, असं तीनदा विचारलं. आधी मोजू द्या, म्हणाली.

२ मार्च

जयमालाला फोन. पाडव्याला ये म्हटलं. तिनं पाण्याचं विचारलं. सुधारतंय, म्हणालो. खोटं! मोटर आता सहा तास.

२१ मार्च

डिंपलनं विचारलं, मोटर रोज किती चालते. मी ऐटीत सांगितलं. तिनं कागद पुढे केला. तिन्ही बोअरांत सगळ्यात खाली गेलेलं पाणी माझ्या विहिरीजवळ. म्हणजे चहूकडचं पाणी इकडेच उतरतंय.

"काका, पेट्रोल ओढ्याकडं निघालं होतं. तुम्ही त्याले घरी बोलावलं."

मोटर बंद. आता नुसतं मोजत राहायचं. वर्ष, कदाचित दोन.

मी जयमालाला आणण्यासाठी उपसत होतो, आणि तिची वाट मीच अडवत होतो.

२२ मार्च

गीताबाईच्या विहिरीला आधी किंचित वास होता, आता बादलीवर तवंग येतो. माझ्यामुळे. जाऊन सांगितलं, आणि टँकरचा अर्ज दोन्ही घरांसाठी मीच लिहून दिला. शिव्यांची तयारी ठेवली होती. तिनं बादली उपडी केली.

"बायकोसाठी एवढं पाणी उपसलं? आमच्या बुढ्यानं माह्यासाठी एक बादली नाही काढली कधी."

शिव्या परवडल्या असत्या.

२३ मार्च

जयमालाला फोन केला. सुधारतंय म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगून टाकलं. पाडव्याला येऊ नकोस, म्हणालो. तिनं विचारलं —

"मंग तुम्ही काऊन थांबले तिथं?"

साडेतीन महिन्यांत ‘का थांबलो’ हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता! मेहकरची गाडी सकाळी सातला आहे.